पाठीवरचे आकडे

८ जानेवारी, सोमवार
पाठभर चिकटपट्ट्या! प्रत्येकीखाली एकेक धातू – निकेल, कोबाल्ट, आणखी काय काय. नव्या गुडघ्यात जे असतं ते सगळं. खोट्या बांगड्यांनी माझं मनगट चिघळतं हे हाडांच्या डॉक्टरांना सांगायची काय गरज होती? आता आधी ही तपासणी, मगच पुढच्या गुरुवारचं ऑपरेशन. काही निघालं तर वेगळ्या धातूचा गुडघा मागवायचा. किती महिने लागतील, कोणी सांगत नाही. तीन जिने उतरून लालबागच्या बाजारात गेले त्याला वर्ष झालं. आणखी थांबणं नाही होणार माझ्याच्याने.

९ जानेवारी
खाजतंय. देवा, नको रे!

१० जानेवारी, बुधवार
पट्ट्या काढल्या. कुठे कोणता धातू होता ते कळावं म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक जागी पेनाने आकडा घातला. "थोडं लाल आहे, पण पट्टीमुळेही असेल. शुक्रवारी कळेल. पाणी लावू नका, आकडे पुसू देऊ नका."

थोडं म्हणजे किती? यांना पाठ दाखवली तर म्हणे, "पाठीसारखी पाठ आहे." झालं!

११ जानेवारी
पाठीची नुसती आग. घरात मी एकटी. शेजारच्या शांतावहिनी डोकावल्या, पाठ बघितली. "अगो, ह्या पित्त उठला! थांब, आमसुलाचा पाणी लावतंय."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण वाटलं, लाली गेली तर बरंच की! पाठ पुढे केली. गार पाणी, त्यांचा खरखरीत हात – काय बरं वाटलं! मग त्यांनी पंच्याने पाठ पुसली. पंच्यावर निळी शाई.

आकडे गेले.

१२ जानेवारी, शुक्रवार
"आकडे कुठे गेले?"
"घामाने." जानेवारीत घाम!
"खाज आली होती?"
"नाही."

बाईंनी भिंग लावून बघितलं. लाल काही दिसेना. ऑपरेशनला हरकत नाही म्हणाल्या. हे येताना पेढे घेऊन आले. माझा तसाच राहिला. बांगडी टोचली तर काढून ठेवता येते. गुडघा कुठे काढून ठेवू?

१६ जानेवारी
सांगू का? गुरुवार हातचा गेला तर? नाही सांगत.

१८ जानेवारी, गुरुवार
आत न्यायच्या आधी शांतावहिनी भेटायला आल्या. सिस्टर विचारत होती, "आजी, कशाची अ‍ॅलर्जी वगैरे?" मी मान हलवणार, तेवढ्यात वहिनीच कौतुकाने बोलल्या, "तपासणीत पाठ लाल झालेली हिची. मी आमसुलाचा पाणी लावलंय, सगळा गेला!"

सिस्टरचं पेन थांबलं. डॉक्टर आले. ऑपरेशन रद्द, तपासणी पहिल्यापासून. हे वहिनींवर असे डाफरले! बिचारीला कळेचना आपलं काय चुकलं ते. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि रडले. सगळ्यांना वाटलं, ऑपरेशन हुकलं म्हणून रडतेय. मला तर सुटल्यासारखं वाटत होतं.