एकच जांभळी, गिऱ्हाइकं दोन

१८ नोव्हें.
माझी स्क्रिप्ट, आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, परत रुसली. आत्याच्या साड्या विक्रीच्या दोन साइटांवर लावल्यात. एकीकडं विकली की दुसरीकडून काढायची, एवढंच तिचं काम. पण पैठणी, प्रत्येक नग वेगळा. म्हणून मी तिला प्रत्येक साडी विकली का हे वेगवेगळं विचारायला लावलंय, दर मिनिटाला. दुसऱ्या साइटचं ठरलेलं उत्तर: ‘फार विनंत्या झाल्या, थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ करा म्हणे! चितेगावच्या कंपनीत दिवसभर बसून आल्यावर हे. जीव नकोसा होतो.

पैठणहून आत्याचा फोन. जांभळी मागावरून उतरली. “फोटो टाकलाय, लगेच चढव. लई छळलं हिनं.” पदरावरचे मोर असे, की आपल्याकडंच बघतायत. चढवली.

२० नोव्हें.
घोळ. जांभळी सकाळी पहिल्या साइटवर गेली, नागपूरला. आत्यानं लगोलग कुरियरला दिली पण. दुसऱ्या साइटवरून निघालीच नव्हती. दुपारी तिथं नाशिकच्या बाईंनी घेतली. लेकीच्या लग्नासाठी. पोरीनं स्वतः निवडलीय म्हणे.

लॉग उघडला, स्क्रिप्टनं काय काय केलं त्याची नोंद. साइट म्हणते थांब, आणि माझी बया क्षणात परत दारात उभी. प्रत्येक वेळी बंदी नव्यानं सुरू. सकाळभर हाच तमाशा. जरा थांबली असती तर दार उघडलं असतं. पण ‘नाही म्हटलं की लगेच परत विचार’ हे शिकवलं कुणी? मीच. शहाणी!

२१ नोव्हें.
आत्याला सांगितलं. तिनं विचारलं,
“साडी एकच हाय, हे त्या साइटला कळत नाय व्हय?”
“आपण सांगत होतो गं. तिनं ऐकून घेणं बंद केलं होतं.”
“माझ्या मागावरून गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेलं नाय आजपर्यंत.” आवाज बारीक झाला होता तिचा. मला रडू आलं.
मग म्हणाली, तशीच दुसरी विणते, पण लग्नापर्यंत होईल असं नाय सांगत. घाई केली की मोर बिघडतो. “त्या बाईला इचार, थांबती का.”

२२ नोव्हें.
सुट्टी टाकली. स्क्रिप्ट नीट केली. सगळ्या साड्यांचं एकदाच विचारायचं. नकार आला तर थांबायचं, परत आला तर दुप्पट. साइटनं वेळ सांगितली तर ती पाळायची. नेट मधेच तुटलं तर आधी बघायचं, काम झालंय का, मगच परत. आणि नवी साडी एकाच साइटवर.
संध्याकाळपर्यंत एक नकार नाही. आनंद व्हायला पाहिजे होता. कसला आनंद.

नाशिकच्या बाईंना सगळं खरं खरं लिहून पाठवलं. चूक माझी, आत्याची नाही, हेही. फोन करायची हिंमत नाही झाली.

२३ नोव्हें.
त्यांनी वाचलंय. निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.

दुपारी आत्या: “आलं का काही?”
“नाही.”
“मग परत इचार की!”
बोट गेलंच होतं. “नको आत्या. लग्नघर आहे. थांबू जरा.”
“थांब तू. मी जांभळं रेशीम काढलंय.”
“अगं, त्या नको म्हणाल्या तर?”
“बघू,” म्हणाली आणि ठेवला.

फोन पालथा घालून भांडी घासली. सुलटा केला. कंपनीच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस. परत पालथा घातला.