खिडकीतला उजेड

मंगळवार, जांबे

आज ऑफिसातून आले तर घरमालकीण काकू माझ्या दारातच उभ्या. "खरं सांग, खोलीत कोण ऱ्हातंय? तू फाटकात असतीस आन् आत उजेड पडतोय. पुरुषमाणूस चालनार न्हाई, आधीच सांगितलं व्हतं."

काय सांगणार? खिडकीत ठेवलेली ही रिमोटवर लागणारी टॉर्च मी वीज गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून घेतली होती. एकदा सहज फाटकातूनच बटण दाबलं, खिडकी उजळली, आणि घरात कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटलं. तेव्हापासून रोज दाबते. वेडेपणाच, नाही का?

काकूंना टॉर्च लावून दाखवली. तरी त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, मोरीतही डोकावल्या. मग हसल्या. "कुनीच न्हाई की गं हितं!"

खोली वाचली. सुटले म्हणायला हवं. पण ते "कुनीच न्हाई" अजून कानातून जात नाही.

जाताना म्हणाल्या, "भाकरी टाकतीया, वर ये जेवायला." मी म्हटलं, जेवून आलेय. का म्हटलं, कोण जाणे. आता एकटीपुरता भात लावायलाही उठवत नाही.