बायकांची बाजू

४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे सेतगोलला. गाव झकास, कोबी तर नुसता मातलाय. इथलं चर्च दुरुस्त करायचं काम माझ्या नवऱ्याला, मथियासला, मिळालंय; सुतारांचा स्वयंपाक माझ्याकडे. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात पळून आलेल्या कुंभारांच्या पोरांनी बांधलेलं हे चर्च. आत बायका-पुरुषांमध्ये फळ्यांची भिंत होती, ती पुन्हा घालायचीय. मथियास म्हणाला, “तुझी कटकट आता पलीकडेच राहील.” म्हटलं, जेवायला अलीकडेच येशील ना.

९ ऑक्टोबर
भिंत झाली. आज सासूला जाऊन वर्ष. मृतांची प्रार्थना म्हणायला गेले. बायका संताचं नाव घेतात, पुरुष पलीकडून उत्तर देतात, ‘अमक्यासाठी विनंती कर.’ अमका म्हणजे जो गेला तो. चर्चची किल्ली सांभाळणारी लुचिया आजी म्हणाली, गाणारा पुरुष नाही, इथे म्हणू नकोस. म्हटलं, दोन्ही बाजू मीच म्हणते. भर दुपारी बसले. पहिल्याच नावाला पलीकडून उत्तर आलं, पाच-सहा गळ्यांतून. वाटलं, सुतार आले. सूप उतू जाईल म्हणून प्रार्थना अर्धी टाकून उठले. दारात माझ्या सोडून कुणाच्याच वहाणा नव्हत्या.

१० ऑक्टोबर
आजीला सांगितलं. म्हणाली, युद्धात शिपायांनी पुरुष अर्ध्या प्रार्थनेतूनच ओढून नेले. मग भिंतीपलीकडून त्यांचे आवाज यायचे, म्हणून तर भिंत काढली होती. मग म्हणाली, “अर्धी टाकलीस? आता ते पुरी करणार. नाव त्यांना हवं ते घेतील.”

१२ ऑक्टोबर
झाडायला गेले होते. पलीकडून आलं: “मथियाससाठी विनंती कर.” तो वर कौलं बसवत होता. खाली उतर म्हटलं. हसला.

१३ ऑक्टोबर
शिडीने नीट उतरला. तेव्हापासून पडून आहे. जेवत नाही. अंग गार. डॉक्टर म्हणतो, काही नाही.

१५ ऑक्टोबर
भिंत फोडली. मीच, कुऱ्हाडीने. पलीकडे कुणी नाही. उत्तर येतंच आहे. त्याचंच नाव.

१६ ऑक्टोबर
त्याला श्वास पुरत नाही. रडू येत नाही मला. पुरुषांच्या बाजूला जाऊन बसले. आजीला म्हटलं, तू संत घे. त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात मी माझंच नाव म्हटलं. अनास्तासियासाठी. शेवटी तेही तेच म्हणू लागले.

१७ ऑक्टोबर
मथियास उठला. दोन वाट्या भात खाल्ला. मीठ कमी म्हणाला. मी पडलेय. त्याला सांगितलं, दमले —
चर्चमध्ये कुणी संतांची नावं घेतंय. एकटी बाई. आवाज माझा. आणि मी इथे, तोंड मिटून —
तो विचारतोय, तिकडे कोण गातंय, जाऊन बघू का. नको म्हणायला तोंड उघ