रंग नको, सनस्क्रीन चालेल

पूनम सागर, मीरा रोड
दि. १८ मार्च १९९६

ति. आत्यास,
संध्याचा सप्रेम जयभीम. वि. वि. दादा, वहिनी, मी, सगळे ठीक आहोत. फक्त माझा डावा गाल भाजलाय. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

जानेवारीत परभणीची मंडळी मला बघायला आली तेव्हा गालावरच्या पांढऱ्या डागावर तू फाउंडेशन लावलं होतंस ना, तेच मी इथे रोज लावत होते. भाईंदरच्या दुकानदाराने हिंदीत छातीठोक सांगितलं होतं की यात उन्हापासून बचावही आहे, वेगळं काही घेऊच नका. नळीवर तसं छापलंयही. मी म्हटलं, चला, एका खर्चात दोन कामं. मागच्या आठवड्यात आमच्या संस्थेच्या बालवाड्या बघायला काशीगावहून वरसाव्यापर्यंत उन्हातून फिरले. संध्याकाळी डाग लालबुंद, सकाळी फोड.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कोडाच्या जागी कातडीचा स्वतःचा रंगच नसतो, म्हणून तीच आधी भाजते. फाउंडेशनमध्ये थोडं संरक्षण असतं, खोटं नाही. पण नळीवरचा आकडा खरा ठरायला ते इतकं जाड थापावं लागेल की माणूस सोंग दिसेल. मी तर बोटाच्या टोकावर घेऊन पुरवून पुरवून लावत होते. त्यांनी साधी सनस्क्रीन लिहून दिली. चेहरा, कान, मान, सगळीकडे भरपूर लावायची आणि दर दोन तासांनी पुन्हा. हवा तर वरून रंग लावा, म्हणाल्या, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नका.

सनस्क्रीनखाली डाग झाकला जात नाही, आत्या. सगळ्यांना दिसतो. बालवाडीतल्या पोरांनी एकदा विचारलं आणि खेळायला पळाली. मला आता असंच मोकळं बरं वाटतंय. परभणीला तू अजून सांगितलेलं नाहीस, मला माहितीये. सांगून टाक.

तुझ्या रागाला अजिबात न घाबरणारी (हे खोटं आहे),
संध्या


जिंतूर
दि. २७ मार्च १९९६

चि. संध्यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद. पत्र वाचून जीव खालीवर झाला. फोडाला घरचं काही लावू नकोस, डॉक्टरांनी दिलं तेवढंच लाव.

तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवलं, तुझं तोंड मला नवं नाही. पण माय, जरा डोकं ठिकाणावर ठेव. जीवनराव शाळेत मास्तर, नोकरी कायम, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. बारा मेला लग्न ठरलंय. आपल्या गल्लीतल्या अनसूयेला नुसता पाठीवर डाग, तरी सोयरीक मोडली, अजून बसून आहे बिचारी. लोक कोडाला महारोगच समजतात. तू किती जणांना समजावत हिंडशील?

लग्नाच्या दिवशी रंग लाव. तासाभराचा तर प्रश्न आहे. एकदा मंगल परिणय होऊ दे, मग मी स्वतः त्यांच्या कानावर घालीन. पुढे जन्मभर ती सनस्क्रीन थापून फीर, मी चकार शब्द काढणार नाही. तोवर तू तिकडे काही कळवायचं नाही. माझी शपथ आहे.

भांडण पोटात ठेव, माया पत्रात येऊ दे.
तुझी आत्या,
तुळसाबाई


पूनम सागर, मीरा रोड
दि. ५ एप्रिल १९९६

ति. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझी शपथ मोडली. काल जीवनरावांना कार्ड टाकलं. मुद्दाम उघडं कार्ड, म्हणजे पोस्टमनपासून घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत ज्याला वाचायचं त्याने वाचावं. लिहिलं की माझ्या गालावर रुपयाएवढं कोड आहे, जानेवारीत ते रंगाखाली होतं, ते कुणाला लागत नाही, आणि यापुढे मी ते झाकणार नाही. चालत नसेल तर तसं कळवा.

तासाभराचा प्रश्न कसा गं? तासाने रंग उतरल्यावर मी त्या घरात कोणत्या तोंडाने बसू? रोज सगळ्यांच्या आधी उठून आरशासमोर पळू? मी नाही पळणार. आणि अनसूयाताई बसून नाहीये, शिवणाचं दुकान चालवते. तुझे ब्लाऊज कोण शिवतं?

कार्ड टाकण्याआधी पेटीपासून दोनदा परत फिरले, हेही सांगते. जीवनराव मला आवडलेत. स्वयंपाक येतो का असं सगळे विचारत होते, त्यांनी एकट्याने विचारलं की वाचायला काय आवडतं. मोडलं तर मी खूप रडेन. पण भाजका गाल घेऊन फोटोत हसणार नाही.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी,
संध्या


जिंतूर
दि. २० एप्रिल १९९६

चि. संध्यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद. तुझ्या कार्डाने इकडे आगीचा बंब बोलवायची वेळ आणली. दोन दिवस मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. जयंती झाली आणि परभणीहून बोलावणं आलं. पदर पसरून माफी मागायची, असं ठरवूनच बसमध्ये चढले.

जीवनरावांचे वडील आत्मारामजी चांगलं बोलले. आम्ही शिकलेली माणसं, कोड लागत नाही हे आम्हाला कळतं, लग्न मोडायचं नाही, म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, फक्त त्या दिवशी मुलीने रंग लावावा, पाहुणे येतील, फोटो निघतील. मी तुला लिहिलं होतं अगदी तेच. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मंडप शाळेच्या मैदानात, महिना मे, वेळ भर दुपारची. आमची मुलगी सनस्क्रीन लावून उभी राहील, रंग लावणार नाही. पाहुण्यांना बघवत नसेल तर पाहुण्यांनी गॉगल लावावा. आणि चहा न घेता उठले.

जीवनराव फाटकापर्यंत मागे आले. माझी काही हरकत नाही, रंग नको, असं हळूच म्हणाले. मी म्हटलं, मला नका सांगू, आत जाऊन वडिलांना सांगा. मी इथे उभी आहे. गेले बिचारे. मला बाहेर ऐकू येईल इतकं मोठ्याने सांगितलं. लग्न आता सकाळी आठला आहे, ऊन चढायच्या आत. आत्मारामजींचं तोंड अजून वाकडं आहे. होईल सरळ, नाहीतर राहील तसंच.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, कुठे गेला होतात. लेकीचं लग्न आहे म्हटलं. मग, तिने काही विचारलं नव्हतं तरी सांगितलं की माझ्या लेकीच्या गालावर कोड आहे.

तब्येत जप, जीभ मात्र जपू नकोस.
तुझी आत्या,
तुळसाबाई