शिंप्याच्या हातचं वायरिंग

चि. भुंगीस,

काकूचे पोटभर आशीर्वाद. तू आणि जावईबापू बरे असाल असं धरून चालते, कारण बरं नसतं तर एव्हाना फोन करून तू मलाच रागावली असतीस. माझे गुडघे जागेवर आहेत. कुरकुरतात, पण नेतात. गोळ्या वेळेवर घेते (बहुतेक वेळा). फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. पत्रात कुणाला मध्ये तोंड घालता येत नाही.

तू धाडलेला इलेक्ट्रिशियन आला आणि पुढच्या दोन्ही खोल्यांचं वायरिंग नवं करून गेला. स्वयंपाकघर राहिलंय, ते शुक्रवारी. काकांनी स्वतःच्या हाताने केलेल्या वायरिंगमध्ये काकू एकटी राहते या विचाराने तुला झोप लागत नाही, हे मला कळतं गं. त्या शुक्रवारबद्दलच थोडं बोलायचं आहे, पण आधी त्या बिचाऱ्याचे हाल ऐक.

आल्या आल्या त्याने हॉलमधल्या दिव्याचं बटण दाबलं आणि आत मिक्सर सुरू झाला. आत कोण आहे म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, कोणी नाही, तुम्हाला हॉलचा दिवा हवा असेल तर बाथरूमबाहेरचं बटण दाबा, फक्त त्याआधी पंखा बंद करा, नाहीतर त्या दोघांचं पटत नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू वायरिंगच्या आधी माझीच तपासणी करायला हवी. मग मी बेलचं सांगितलं. आपली बेल वाजत नाही, दाबली की स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणतो, हे ऐकून तो स्टुलावर बसलाच. (काकांचं म्हणणं तुला आठवत असेल: म्हातारपणी कान गेले तर गेले, डोळ्यांना निदान चष्मा लावता येतो.)

मग त्याने बोर्ड उघडला. अगं, जन्मभर कोट शिवलेला माणूस, त्याने वायरसुद्धा कापडासारखीच वापरलेली. गिऱ्हाईकाचं पोट सुटलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून शिवणीत जादा कापड सोडतात ना, तशी प्रत्येक बोर्डामागे भरपूर वायर सोडलेली. तो ओढतोय आणि ती येतेय. मी जाऊन चहा टाकून आले तरी येतच होती. एवढी कशाला ठेवली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घराने अंग धरलं तर असावी म्हणून. जोडांवर अस्तराचं कापड गुंडाळून वर बारीक टाके घातलेले, आणि एका स्क्रूखाली वॉशरच्या जागी कोटाचं बटण.

"आजी," तो म्हणाला, "वायरिंग भयंकर आहे, पण अशी शिलाई मी पाहिलेली नाही."

झालं. मला तेवढं निमित्त पुरलं. त्याचा चहा गार होईपर्यंत मी त्याला तुझे काका सांगितले. पोट आत ओढून उभं राहिलेलं गिऱ्हाईक आलं की हे मुद्दाम माप कमी करून मोठ्याने म्हणायचे. गिऱ्हाईक खूश होऊन श्वास सोडायचं, पोट जागेवर यायचं, आणि तेवढ्यात हे खरं माप घेऊन मोकळे. वर म्हणायचे, कापड आटणारं आहे, जरा सैल ठेवतो. दुकानासमोरच्या बँकेतले साहेब निवृत्त झाले तरी त्यांना वाटायचं, आपली कंबर लग्नात होती तेवढीच आहे. तुझ्या पहिल्या मुलाखतीच्या कोटाचंही सांगितलं. आतल्या बाजूला चोरखिसा आणि त्यात लिमलेटची गोळी. अवघड प्रश्न आला तर तोंडात टाक, तोंडात काही असताना कोणी उत्तर मागत नाही, हा काकांचा सल्ला. तू खरंच टाकलीस आणि नोकरीही लागली. (शेवटपर्यंत ते श्रेय गोळीलाच देत होते. तुझ्या अभ्यासाचं नाव नाही.) सांगता सांगता आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण डोकावून गेली.

असो. आता दिव्याचं बटण दाबलं की दिवाच लागतो. बेल वाजते, आणि अशी वाजते की पहिल्याच दिवशी माझ्या हातून दूध सांडलं. तुझे उपकार आहेत. जावईबापूंना आशीर्वाद, आणि तू वेळेवर जेवत जा.

तुझी,
काकू

ता. क. : त्या माणसाचं काम चोख आहे, त्याला उगाच काही बोलू नकोस. शुक्रवारी येऊ नका म्हणून मी त्याला दोनदा सांगितलं, पण तो म्हणतो, ताईंनी पूर्ण घर सांगितलंय, ताईंनाच विचारा.

आणखी एक : स्वयंपाकघरातलं सगळं त्याने माझ्यासमोर उघडून बघितलं आणि धोक्याचं होतं ते तेव्हाच बदललं. आता तिथे फक्त बटणं उलटसुलट आहेत, शॉक बसायचा नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर त्याला विचार.

आणि हे शेवटचं : काका गेले तेव्हा तू म्हणालीस, काकू धीराची, रडत बसली नाही. अगं, सवड कुठे होती? चुकीचं बटण दाबायचं आणि "अहो, काय करून ठेवलंय हे" म्हणून ओरडायचं, यातच माझा दिवस जायचा. आता पुढच्या खोल्यांत सगळं बरोबर आहे. तेव्हापासून तिथे मी यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. काल हॉलमध्ये बसून खूप रडले. त्याला तूच सांग, स्वयंपाकघर तेवढं चुकीचं राहू दे.