आत गेला होता का?

आई, आपल्या शेजारचे काका येरवड्याहून सुटून आपल्याकडे आले होते. तेव्हा तुला जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे हे तुला कधीच कळलं नाही. परवा हाताखालच्या एका नव्या वकिलाला मी खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक समजावत होते आणि मधेच थांबले. मला दापोडीची आपली गल्ली दिसायला लागली.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा गल्लीत पोलीस होते आणि तू दारात उभी होतीस, हाताला भाकरीचं पीठ वाळलेलं. काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. काका पिंपरीच्या कंपनीत फिटर होते, समोरच्या खोलीतला तो तरणा माणूसही त्यांच्याच खात्यात होता. दोघं पहिली शिफ्ट संपवून आले ते भांडतच आले. गल्लीत चार माणसांसमोर तो काकूंबद्दल नको ते बोलला. काकांनी त्याला ढकललं, ते घरात गेले, आणि बाहेर आले ते मोठा पाना हातात घेऊन. एकच घाव, डोक्यात. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. बाकीचे सगळे पळाले. नीट पाहणारी तूच.

खटला उभा राहायच्या आधी काकू आपल्याकडे आल्या. तू ज्वारी पाखडत होतीस. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, पाना दारातच पडला व्हता, एवढं म्हना. दुसरं काय नगं. वकील म्हनतो, रागाच्या भरात हाताला लागलं ते उचललं, असं झालं तर ह्ये वाचत्यात." तू सुपातले खडे वेचत राहिलीस. मग म्हणालीस, "मला कोर्टात शपथ घालतील ना गं." काकू उठून गेल्या. रात्री दादांनी नवऱ्याच्या हक्कानं विचारलं, "काय सांगणारेस?" तर तू त्यांच्या ताटात भाजी वाढलीस.

पुण्याच्या कोर्टात मी तुझ्याबरोबर आले होते. मेलेल्या माणसाची म्हातारी आई पहिल्या बाकावर बसली होती, साताऱ्याकडची, पदर तोंडात धरून. मला अजूनही तुझा आवाज ऐकू येतो. सरकारी वकील विचारतो, "आरोपी घरात गेला होता का?" तू म्हणतेस, "हो, गेले होते." "किती वेळ?" तू थोडा विचार करतेस. "तव्यावरची भाकरी उलटून भाजून होईस्तोवर." "बाहेर आला तेव्हा हातात काय होतं?" "पाना." काकांचा वकील उठतो. तू आत होतीस, तुला दिसलंच नाही, असं दोनतीनदा तुझ्या तोंडी घालून बघतो आणि बसतो. प्रश्न संपलेत, पण तू पिंजऱ्यातच उभी. शिपाई म्हणाला, "चला बाई, उतरा," तेव्हा उतरलीस.

काकांना जन्मठेप झाली. काकूंनी खोली सोडली, पोरीला घेऊन चाकणला माहेरी निघाल्या. ट्रकवर भांडी चढवून झाल्यावर तुझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुमी खरं बोलला वहिनी, म्या न्हाई कुठं म्हनते? पर त्या खऱ्याचं आता म्या काय करू?" त्यानंतर कितीतरी दिवस तू त्यांच्या दाराकडे पाठ करून भांडी घासायचीस. दादा म्हणायचे, आता सोड तो विषय. तू म्हणायचीस, "मला विचारलं तेवढंच मी सांगितलं." मला वाटायचं, तू स्वतःची समजूत घालतेस.

पुढे मी कायदा शिकायला लागले. एका दुपारी मोठ्या उत्साहानं तुला सांगायला बसले. कुणी एकदम डिवचलं आणि त्याच तिरमिरीत हातून माणूस मेला, तर तो सदोष मनुष्यवध, शिक्षा कमी. पण मधे राग निवायला वेळ मिळाला, माणूस जाऊन हत्यार घेऊन आला, तर तो खून; मग फाशी नाहीतर जन्मठेप. म्हणून त्यांनी तुला विचारलं, किती वेळ आत होते. तू ऐकलंस आणि चिडून म्हणालीस, "आणि ती म्हातारी कुठल्या कलमात बसते?" मी पुस्तक मिटलं.

काका आले ते सकाळच्या वेळी. दादा कामावर गेले होते. केस सगळे पांढरे, हातात कापडी पिशवी. तू गेलीस हे त्यांना गल्लीच्या तोंडाशीच कळलं होतं. चहा घेताना म्हणाले, "वहिनी खोटं न्हाई बोलल्या. गेलो व्हतो आत. पर पान्यासाठी न्हाई गेलो गं पोरी. भांडान नगं म्हनून गेलो. दार लोटून बसलो, पानी प्यालो. तेवढ्यात त्यो भाईरनं पुन्हा बोलला, माज्या पोरीवरनं बोलला. मंग पाना दिसला." मी विचारलं, "हे कोर्टात का नाही सांगितलं?" म्हणाले, "वकील म्हनला, आत गेलोच न्हाई असं सांगायचं. मंग आत काय झालं, ते कसं सांगू?"

आई, तो खरंच पुन्हा बोलला असेल, तर राग निवला कुठे होता? तर कदाचित कलम बदललं असतं. तू दोन हातांवर होतीस. तू ते ऐकलं होतंस का? पिंजऱ्यात उभी राहिलीस ती तेच सांगायला का? की तो बोललाच नव्हता, आणि तुरुंगातल्या इतक्या वर्षांत काकांनी ते जुळवलं? कोर्टात उलटतपासणीत मी लोकांकडून पुष्कळ काही काढून घेते. तुझ्याकडून एवढं एक काढून घ्यायचं राहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा शेवटचं तेवढं लिहिते. मला काकांचं सांगणं पटलं होतं. डोळ्यांत पाणीही आलं. त्यांना मी गल्लीच्या वळणापर्यंत पोचवून आले, आणि भर सकाळी घरात येऊन आतून कडी लावून बसले, दादा येईपर्यंत.