शंभराच्या खालचा आकडा

प्रिय मास्तर,

तुझ्या लेकीचं पत्र आलं. चक्क कागदावर, समास सोडून लिहिलेलं. अक्षर थेट तुझं, मुंग्यांची रांग. तिला विमानांचे फोटो काढायचेत, वाढदिवसाला एकच लेन्स मिळणार आहे, तर आत्या, कोणती घेऊ? इथवर वाचून मी एकदम खूश. पुढे लिहिलंय, बाबांना विचारलं तर ते म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं, आत्याला विचार. हे वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. म्हणून तिला उत्तर लिहायच्या आधी तुला लिहायला बसले आहे. ते वाक्य तुझं नाहीच मुळी. ते मी तुझ्या तोंडात घातलंय आणि मला ते परत काढून घ्यायचंय. सावकाश सांगते, मला वेळ लागेल. मध्येच पत्र बाजूला ठेवून वह्या तपासायला पळू नकोस.

आधी खुशाली. मी मजेत आहे. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी एक्स-रे विभागातल्या मुली अजून फोन करतात, बाई, ते जुनं मशीन पुन्हा रुसलंय म्हणून. तीस वर्षं लोकांना ‘श्वास रोखा, हलू नका’ सांगण्यात गेली, ती सवय काही जात नाही. परवा तुझे भावोजी बल्ब बदलायला स्टुलावर चढले, तर मी खालून तेच म्हणाले, आणि त्या बिचाऱ्यांनी खरंच रोखला. रविवारी सकाळी अजूनही विमानतळाच्या कुंपणाशी जाते. गाडीत तीन पायऱ्यांची शिडी असते, ते गाडीत बसून शब्दकोडं सोडवतात, मी शिडीवर. गुडघा कुरकुरतो, पण वाऱ्याची दिशा बघून आज विमानं कुठल्या बाजूने उतरणार हे अजून अचूक सांगते. ही फुशारकी खरी आहे. खोटी पुढे येते.

आता लेन्सचं. तिला समजावून सांगशील म्हणून तुलाच लिहिते, आणि तुला हे सगळं येतं हे मला ठाऊक आहे. लेन्सवरचा आकडा जितका मोठा तितकं विमान जवळ येतं, जितका लहान तितकं आजूबाजूचं जग मावतं. नवशिक्या माणसाला नेहमी मोठा आकडा हवा असतो. मलाही हवा होता. आपण एकाच दिवशी एकसारखे दोन कॅमेरे घेतले, आठवतंय ना? मी त्यावर शंभर ते चारशेची लेन्स चढवली आणि तू सत्तर ते दोनशेची. तुझ्या लेन्सला मी ‘तोकडी’ म्हणायचे. विमान चौकटीत कसं ठासून भरलेलं हवं, नाकापासून शेपटीपर्यंत, इकडे बोटभर जागा नको, असं माझं तत्त्वज्ञान. तिला हेही सांग की दुपारी कितीही मोठी लेन्स लावली तरी उपयोग नाही. धावपट्टी तापते, हवा थरथरते आणि विमान उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. त्यावर एकच उपाय, लवकर उठणं. तो तुझ्या लेकीला जमेल असं वाटत नाही.

पंख्यांची विमानं असतील तर शटर हळू ठेवायचं. हे मी तुझ्याकडून शिकायला हवं होतं, शिकले नाही. मी आपली सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर, सगळं कसं लख्ख. तू सव्वाशेव्या भागावर अडून बसायचास. दहातले नऊ फोटो हललेले यायचे आणि मी प्रत्येकाला हसायचे. आईला माझा एक लख्ख फोटो दाखवला होता तेव्हाची गंमत आठवते? पंख्याची पाती न् पाती मोजता येत होती. आई घाबरून म्हणाली, अगं, याचा पंखा बंद पडलाय, आत माणसं असतील, कुणाला तरी फोन कर! तू इतका हसलास की बिस्कीट घशात अडकलं आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. आईचं बरोबर होतं रे. माझी सगळी विमानं बंद पडलेली असायची.

आता त्या फोटोकडे येते. दुसरा कुठला असणार? प्रस्थान कक्षातल्या भिंतीवर अकरा वर्षं लागलेला, खाली पितळी पट्टीवर माझं नाव. दोन पंख्यांचं विमान उतरतंय, दोन्ही पंखे गोल, धूसर, जिवंत. आणि खाली कोपऱ्यात तो गवत कापणारा, मशीन थांबवून, एका हाताने टोपी धरून, मान वर. लोक विमानापेक्षा त्याच्यापुढे जास्त थांबतात. त्या माणसासाठी जागा ठेवायची हे कसं सुचलं, असं मला कितीतरी जणांनी विचारलं. मी दरवेळी नवीन उत्तर द्यायचे. एकदा तर म्हणाले, मला आधी माणूस दिसतो, मग विमान. हे मी म्हणाले! चौकटीत बोटभर जागा न सोडणारी मी!

तुझ्या लेकीने पत्राच्या शेवटी विचारलंय, तो गवतवाल्याचा फोटो कोणत्या आकड्यावर काढलास, मलाही तसाच काढायचाय. तिला चुकीचं सांगू नये म्हणून मी जुनी फाईल शोधली. कॅमेरा फोटोसोबत सगळं लिहून ठेवतो, तुला माहीत आहेच. शटर, सव्वाशेवा भाग. आकडा, पंच्याऐंशी. मास्तर, माझी लेन्स कितीही मागे फिरवली तरी शंभरावर अडते. शंभराच्या खाली ती कधी गेलीच नाही. त्या सकाळी तुझं कार्ड आणि माझं कार्ड मी एकाच फोल्डरमध्ये उतरवलं होतं, तुझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता म्हणून.

इथे थांबले असते तर चूक म्हणून खपून गेलं असतं. पण खरं सांगायचं तर मनात पाल तेव्हाच चुकचुकली होती. फोटो पडद्यावर आला तेव्हा तू ‘अरे, हा…’ म्हणालास आणि थांबलास. मी म्हणाले, बघ काय काढलाय मी! तू माझ्याकडे बघितलंस, मग म्हणालास, छान आलाय गं ताई. तेवढ्यावर मी फाईलची माहिती उघडली असती तर दोन सेकंदांचं काम होतं. मी उघडली नाही, आणि नंतरही कधी उघडली नाही. वर तोच फोटो तुझ्यापुढे धरून तुला म्हणाले, लेन्स कुठलीही दे, नजर असावी लागते, ती तुझ्यात नाही. तुझाच फोटो, तुझ्याच नाकासमोर. पुढच्या रविवारपासून तुझे पेपर तपासायचे निघू लागले आणि महिन्याभराने तू ती तोकडी लेन्स माझ्या कपाटात ठेवून गेलास, पडून राहील म्हणून. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही. तुला तेव्हाच कळलं होतं का, हे मला विचारायचंय, आणि उत्तराची भीतीही वाटते.

म्हणून मंगळवारी विमानतळावर गेले. नवीन व्यवस्थापक तरुण आहेत, म्हणाले, बाई, अकरा वर्षांनी? मी म्हटलं, हो, मला जरा उशीर झाला. पट्टी मी करूनच नेली होती. त्यांच्या सुताराने चार स्क्रू काढले, चार बसवले, आणि आता तिथे तुझं नाव आहे. पूर्ण नाव, ‘मास्तर’ नाही. तिथून निघाले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की घरी येताना भावोजींना आइस्क्रीम खायला घातलं. सोबतच्या खोक्यात तुझी सत्तर ते दोनशे आहे. पुसूनबिसून, कापडात गुंडाळून जपली होती, बुरशीचा डाग नाही. लेकीला नवीन लेन्स घेऊ नकोस. हीच घ्यायला सांग, आणि कशी वापरायची ते तू शिकव, कारण मला येत नाही. येत्या रविवारी दोघं या. शिडीवर तू चढ, मी खालून धरते. फक्त येतोस की नाही ते लवकर कळव. तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, आता मीच श्वास रोखून, न हलता बसले आहे. ‘सोडा’ म्हणायचं काम या वेळी तुझं.

तुझीच,
ताई